कुठल्या देशात किती कामगार युनियनमध्ये? गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी कामाला आहे आणि आमच्या युनियनचं सभासद रजिस्टर गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या दहा तारखेला सेकंड शिफ्ट आत जायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ मी पावतीपुस्तक घेऊन उभा असतो, आणि तिथेच हे प्रश्न येतात. कुणीतरी मोबाईलवर वाचलेलं असतं की अमुक देशात नव्वद टक्के कामगार युनियनमध्ये आहेत, मग आपल्याकडे का नाहीत. उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं बसून लिहावं म्हटलं.

सभासदत्वाचा दर म्हणजे नक्की काय?

शंभर पगारदार माणसांतले किती जण युनियनचे सभासद आहेत, तो आकडा. वर सभासद, खाली एकूण पगारदार, भागाकार केला की टक्का आला, हिशेब एवढाच. पण वर कोणाला धरलं आणि खाली कोणाला धरलं यावर सगळा खेळ आहे, पुढची अर्धी उत्तरं त्याच्यावरच आहेत.

इटलीचं बघा. तिथल्या सगळ्यात मोठ्या युनियनचे जवळजवळ निम्मे सभासद रिटायर झालेले पेन्शनर आहेत. त्यांनाही वर धरलं तर टक्का फुगतो, म्हणून देशादेशांची तुलना करणारे लोक आधी पेन्शनर, बेकार आणि स्वतःचा धंदा करणारे बाजूला काढतात आणि मगच भागतात, तेव्हा इटली साधारण 32 टक्क्यांवर येते. त्यामुळे युनियनने स्वतः सांगितलेला आकडा आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाच्या तक्त्यातला आकडा जुळला नाही तर लगेच कोणी खोटं बोलतंय असं धरून चालू नका.

हे आकडे जमवतं कोण?

दोन वाटा आहेत. एक, घरोघरी जाऊन विचारणं. अमेरिकेत सरकारच्या दरमहाच्या सर्व्हेतून हा आकडा निघतो आणि दर जानेवारीत आधीच्या वर्षाचा जाहीर होतो, ब्रिटनमध्येही असाच सर्व्हे आहे. दुसरी वाट म्हणजे युनियनने आपल्या रजिस्टरवरून कळवणं. भारतात मुख्यतः दुसरी. युनियन वर्षाचं रिटर्न भरतात, ते राज्याच्या रजिस्ट्रारकडे जातं, तिथून केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोकडे. कितीतरी युनियन रिटर्न भरतच नाहीत. मी स्वतः दर वर्षी भरतो आणि पोच घेऊन फाईलला लावतो, पण आमच्या इस्टेटमधल्या सगळ्यांचं मी सांगू शकत नाही.

सगळ्यात वर कोण आणि सगळ्यात खाली कोण?

वर आइसलंड, 90 टक्क्यांच्या आसपास. त्याच्या खाली स्वीडन आणि डेन्मार्क दोघेही 65 ते 70च्या मध्ये, मग फिनलंड 60च्या जरा खाली, बेल्जियम आणि नॉर्वे साधारण 50. मग एकदम मोठी उडी खाली. कॅनडा 30च्या आसपास, ब्रिटन 22, जर्मनी आणि जपान 16च्या आगेमागे, ऑस्ट्रेलिया 12-13, अमेरिका आणि फ्रान्स 10. अगदी तळाला एस्टोनियासारखे देश, 5-6 टक्के. ओईसीडीच्या सगळ्या देशांची सरासरी 1985 मध्ये 30 होती, ती आता 16च्या घरात आलीय, म्हणजे एका पिढीत निम्मी.

स्वीडन, डेन्मार्कच्या लोकांना युनियनचं एवढं वेड कसं?

वेड म्हणण्यापेक्षा व्यवस्था तशी आहे. बेल्जियममध्ये गेंट नावाचं शहर आहे, तिथल्या नगरपालिकेने 1901 मध्ये एक पद्धत काढली. युनियन आपल्या बेकार सभासदांना भत्ता द्यायच्या, त्यात पालिकेने आपले पैसे घालायला सुरुवात केली. तिच्यावरून नाव पडलं गेंट पद्धत. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमध्ये आजही बेकारी भत्त्याचे फंड सरकारी मदतीने पण युनियनच्या हाताने चालतात. नोकरी गेली तर ज्या खिडकीवर जायचं ती खिडकी युनियनची, मग माणूस नोकरीला लागल्या लागल्याच सभासद होऊन ठेवतो. आपण कसे घरात आजारपण येण्याआधीच मेडिक्लेम काढतो तसं.

याला पुरावा हवा असेल तर नॉर्वेकडे बघा. शेजारी देश, थंडी तीच, राजकारणही बरंचसं तसंच, पण नॉर्वेने 1938 मध्ये बेकारी विमा सरकारकडे घेतला. आज स्वीडन 65च्या वर आणि नॉर्वे 50वर. दुसरा पुरावा खुद्द स्वीडनमधला. 2007 मध्ये तिथल्या सरकारने बेकारी फंडाची फी एकदम वाढवली आणि 2006 ला जो दर 77 होता तो 2008 पर्यंत 71 झाला. दोन वर्षांत सहा टक्के माणसं गेली. ती काय रातोरात युनियनविरोधी झाली होती? खिशाला परवडेना म्हणून गेली. 2014 ला फी परत कमी केली तरी गेलेली सगळी परत आली नाहीत, आणि हे मला माझ्या रजिस्टरवरून चांगलं समजतं, कारण एकदा नाव कमी झालेला माणूस परत आणायला नवीन माणसापेक्षा तिप्पट वेळ जातो.

फिनलंडमध्ये 1992 नंतर युनियनशी संबंध नसलेला स्वतंत्र बेकारी फंड निघाला, नुसता विमा घ्या, युनियनची वर्गणी नको. तिथेही बरेच लोक, खास करून तरुण, तिकडे वळले.

आइसलंडमध्ये तर गेंट पद्धत नाही म्हणतात, मग 90 टक्के कसे?

बरोबर, तिथे नाही. तिथे करारातच असं आहे की त्या कामावर लागलेल्या माणसाच्या पगारातून युनियनचा वाटा कापला जातोच, मग सभासद न होऊन फायदा काय. शिवाय युनियनचा स्वतःचा आजारपणाचा फंड असतो, शिक्षणाला पैसे मिळतात आणि सुट्टीत राहायला युनियनची छोटी छोटी घरं असतात, सभासदाला स्वस्तात मिळतात. सुट्टीतल्या घरांचं मी आमच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी मान वर केली होती.

फ्रान्समध्ये फक्त 10 टक्के सभासद, तरी संप झाला की अख्खा देश बंद. हे कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे टक्क्याचा फुगा फुटतो. फ्रान्समध्ये सभासद दहा टक्के पण युनियनने केलेल्या कराराखाली येणारे कामगार जवळजवळ 98 टक्के. म्हणजे एखाद्या धंद्याचा पगाराचा करार झाला की सरकार तो त्या धंद्यातल्या सगळ्या कंपन्यांना लावतं, तुम्ही वर्गणी भरा की न भरा. ऑस्ट्रियात सभासद 26 टक्के आणि करार 98 टक्के लोकांना लागू, कारण तिथे कंपन्यांनाच त्यांच्या चेंबरचं, म्हणजे मालकांच्या संघटनेचं, सभासद होणं सक्तीचं आहे आणि चेंबरने सही केली की सगळे बांधले गेले.

याच्या उलट अमेरिका. तिथे करार कंपनीपुरता, कधी कधी तर एका गोडाऊनपुरता. म्हणून सभासद 10 टक्के आणि कराराखालचे 11, दोन आकड्यांत फरकच नाही. म्हणून कोणी मला 'फ्रान्स आणि अमेरिका सारखेच' म्हणून तक्ता दाखवला की मी म्हणतो दुसरा कॉलम काढ, कराराचा, आणि मग बोल. पहिल्या कॉलमात युनियनकडे माणसं किती ते दिसतं, दुसऱ्यात युनियनने केलेल्या कामाचं फळ किती घरांत पोचलं ते दिसतं, आणि माझ्या मते दुसराच आधी वाचायला पाहिजे.

आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण बँकांचं. बँक युनियन आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात 1966 पासून द्विपक्षीय करार होतात, बारावा मार्च 2024 मध्ये झाला. म्हापशाच्या शाखेतल्या क्लार्कने आयुष्यात कधी युनियनची पावती फाडली नसेल तरी त्याचा पगार त्याच करारावर ठरतो.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये एवढी घसरण का झाली?

अमेरिकेत 1950च्या दशकात तीन कामगारांतला एक युनियनमध्ये होता. 1983 ला 20.1 टक्के, 2024 ला 9.9. त्यातही सरकारी नोकरांत 32 टक्के आणि खाजगीत 6च्या आत. कारणं एकाला एक लागून आलेली आहेत, स्टील आणि गाड्यांचे कारखाने कमी झाले, दुकानं, हॉटेलं, ऑफिसं वाढली जिथे माणसं विखुरलेली असतात, शिवाय 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना मुभा दिली की कराराचा फायदा घेणाऱ्यालाही वर्गणी सक्तीची नाही असा कायदा करा, आज 26 राज्यांत तो आहे. फायदा फुकट मिळत असेल तर वर्गणी कोण देईल. हे मी गेटवर दर महिन्याला ऐकतो, 'तुम्ही करार केला की मला पण लागू होतोच ना?' होतो रे बाबा, पण सगळ्यांनी असं म्हटलं तर करार करायला टेबलावर बसणार कोण.

ब्रिटनमध्ये 1979 ला सभासद 1 कोटी 32 लाख होते, 2023 मध्ये 64 लाख उरले. कोळशाच्या खाणी बंद, थॅचरबाईंच्या काळातले संपाचे कडक नियम, सरकारी कंपन्या विकल्या. तिथे आता पुरुषांपेक्षा बायकांचा दर जास्त आहे, कारण शाळा आणि हॉस्पिटलं हे युनियनचे गड आणि तिथे बायका जास्त.

जपानमध्ये तर 1949 ला 55 टक्क्यांच्या वर होता. तिथे युनियन कंपनीची, धंद्याची नव्हे, आणि ती मुख्यतः कायम माणसांची, पार्ट-टाईम आणि कंत्राटी वाढत गेले तसा टक्का उतरत गेला. हे वाचताना मला आमची इस्टेटच आठवते.

चीनमध्ये 30 कोटी सभासद आहेत मग तेच पहिले ना?

माणसं मोजली तर हो, जगातली सगळ्यात मोठी युनियन तीच. पण तिथे कायद्याने एकच संघटना आहे, ती पक्षाच्या हाताखाली चालते, दुसरी काढता येत नाही. युनियन सोडून दुसरीकडे जायची सोयच नसेल तर सभासद असणं-नसणं यातून काय कळणार. म्हणून तुलनेच्या तक्त्यात चीन सहसा वेगळा ठेवतात, आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं.

भारताचा दर किती?

आता जरा सावकाश वाचा, कारण या एका प्रश्नाची चार उत्तरं मी तुम्हाला काढून दाखवतो आणि चारी एकाच आकड्यावरून.

सरकारने केंद्रीय संघटनांच्या सभासदांची पडताळणी केली होती, 31 डिसेंबर 2002 ची. त्यात बीएमएस 62 लाख, इंटक साधारण 39 लाख, आयटक 34, हिंद मजदूर सभा 33, सीटू 26 लाखांच्या आसपास, आणि बाकीचे धरून सगळे मिळून सुमारे अडीच कोटी. हा झाला वरचा आकडा. आता खालचा. असंघटित क्षेत्रासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने 2004-05 च्या सर्व्हेवरून सांगितलं की देशात काम करणारे 45.7 कोटी. अडीचला त्याने भागा, साडेपाच टक्के.

पण थांबा, त्या 45 कोटींतले निम्म्याहून जास्त लोक स्वतःचं शेत, दुकान, धंदा करणारे. त्यांना काढलं आणि फक्त दुसऱ्याकडे मजुरीने किंवा पगाराने जाणारे धरले तर ते वीस कोटींच्या जरा आत, दर झाला साडेबारा. त्यातून रोजंदारीवाले काढले आणि महिन्याचा नियमित पगार असणारेच धरले तर सुमारे सात कोटी, दर झाला 36. आणि पीएफ, रजा वगैरे सगळं असलेले पक्के संघटित कामगार धरले तर आयोगाच्या हिशेबाने साडेतीन कोटीच, दर झाला 70, म्हणजे आपण स्वीडन!

शेवटचा आकडा अर्थातच चूक आहे, कारण वरच्या अडीच कोटींत शेतमजूर, बिडी कामगार, बांधकामावरचे असे लाखो लोक आहेत, ते वर धरायचे आणि खाली काढून टाकायचे असं चालत नाही. पण लोक हे करतात. भाषणात 'युनियन संपल्या' म्हणायचं असेल तर साडेपाच सांगतात, 'युनियनमुळे उद्योग येत नाहीत' म्हणायचं असेल तर सत्तर. बाहेरच्या देशांशी जुळवायचं असेल तर साडेबाराच्या आसपासचा आकडा त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण ते लोकही खाली सगळे पगारदार-मजूर धरतात. आणि तोही दोन दशकं जुना आणि त्यात एकाच माणसाची दोन युनियनमध्ये नावं असण्याची शक्यता आहेच, मी ती स्वतः बघितलेली आहेत.

मग गोव्याचा दर?

देशाचा आकडा काढतानाच वर-खाली कोण ते जुळवताना एवढी कसरत, तिथे मी गोव्यासाठी टक्का ठोकून देणार नाही. चित्र सांगतो. मुरगाव बंदर, कदंबा, वीज खातं, सरकारी कर्मचारी, बँका, जुने मोठे कारखाने इथे युनियन पक्की. वेर्णा, कुंडई, डिचोलीच्या इस्टेटींत कुठे आहे कुठे नाही, औषधांच्या कारखान्यांत मागच्या काही वर्षांत हालचाल बरीच. खाणींवर एके काळी मोठी ताकद होती पण 2012 ची बंदी आणि मग 7 फेब्रुवारी 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, 88 लीज एका फटक्यात रद्द, कामच थांबलं तर सभासद कुठून राहणार. हॉटेलांत सीझनचं काम, ऑक्टोबरला माणूस येतो मे महिन्यात जातो, त्याचं नाव रजिस्टरला चढेपर्यंत पाऊस सुरू होतो.

आणि गोव्याचा एक इतिहास मुंबईपेक्षा वेगळा आहे तो विसरू नये. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 1880 च्या दशकात गिरणी कामगारांना एकत्र करत होते, आयटक मुंबईत 1920 ला निघाली. इथे पोर्तुगीज राज्य, सालाझारच्या 1933 च्या कायद्याने पोर्तुगालमध्येच स्वतंत्र युनियन आणि संप बंद केलेले, मग वसाहतीत काय मोकळीक असणार. आपल्याकडे मोकळ्या युनियनचं खरं वय 1961 नंतरचं. खुद्द पोर्तुगालमध्ये ती मोकळीक 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर आली, त्यानंतर तिथला दर चांगलाच वर गेला आणि आता 15च्या आसपास उतरलाय.

टॅक्सीवाले, मोटरसायकल पायलट, खाणीचे ट्रकमालक यांच्या संघटना किती जोरदार आहेत, ते धरत नाहीत का?

देशादेशांच्या तुलनेत नाही धरत. टॅक्सी स्वतःची, पायलटची बाईकही स्वतःची, ट्रकमालक तर मालकच. ते पगारदार नाहीत, म्हणून वरही नाहीत आणि खालीही नाहीत. पणजी बंद पाडायची ताकद असलेली माणसं तक्त्यात शून्य दिसतात, हा तक्त्याचा मोठा दोष आहे.

हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. इला भट्टांनी 1972 मध्ये अहमदाबादला 'सेवा' रजिस्टर करायला नेली तेव्हा अडचण हीच आली की या बायकांचा मालक कोण, मालक नाही तर युनियन कशी. फेरीवाल्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या. शेवटी झाली रजिस्टर, आणि आज लाखोंनी सभासद आहेत. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी पदरात सुट्टे पैसे बांधून बसलेली बाई कामगार आहे की नाही हे मला कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

अंगणवाडी सेविकांचं तिसरंच. त्यांना पगार नाही, मानधन. म्हणजे कागदावर त्या कामगारच नाहीत, तरी पणजीच्या आझाद मैदानावर भर उन्हात बसलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. 2022 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. हळूहळू कागद त्यांच्याकडे सरकतोय.

भाऊ बोटीवर आहे, तो कुठल्या देशात धरायचा?

तारवटी लोकांचं गणित खरंच गुंतागुंतीचं. बोटीवर झेंडा पनामाचा किंवा बहामाचा, मालक तिसऱ्याच देशातला, भरती मुंबईच्या एजंटकडून, माणूस सासष्टीतला. सभासद मात्र बहुतेक करून भारतातल्या खलाशांच्या युनियनचा, आणि त्या युनियन लंडनच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक महासंघाला जोडलेल्या. परक्या झेंड्याच्या बोटींविरुद्ध त्या महासंघाची मोहीम 1948 पासून चालू आहे. भावाच्या करारात युनियनचं नाव लिहिलेलं असतं, ते पान काढून बघा. देशाच्या टक्क्यात तो दिसला नाही तरी पगार अडकला तर तेच पान उपयोगी पडतं.

गल्फमध्ये युनियन असते का?

यूएईत युनियनला परवानगी नाही, संपालाही नाही. सौदीत फार तर कामगार समिती. बहरीन आणि ओमानमध्ये कायद्याने युनियन आहे. दुबईला जाणाऱ्याला मी एवढंच सांगतो की इथून निघतानाच कराराची कॉपी घरच्यांकडे ठेवून जा.

ब्रिटनमधल्या स्विंडनला वेअरहाऊसमध्ये एजन्सीमार्फत काम करणाऱ्याला युनियनमध्ये जाता येतं?

येतं. एजन्सीचा माणूस, कायम माणूस, कुठल्याही पासपोर्टचा, ब्रिटनमध्ये कोणालाही सभासद होता येतं आणि कंपनीला सांगायची गरज नसते. मात्र तिथे खाजगी क्षेत्रात दर 12 टक्केच आहे आणि सरकारीत 49, त्यामुळे वेअरहाऊसमध्ये आजूबाजूला कोणी सभासद दिसला नाही तर नवल नको. सभासद होणं वेगळं आणि कंपनीने युनियनला मान्यता देणं वेगळं. कॉव्हेंट्रीच्या अ‍ॅमेझॉनमध्ये जुलै 2024 ला मान्यतेसाठी मतदान झालं, बाजूने 49.5 टक्के मतं पडली. काठावर येऊन हरलं. असे थोड्याशा मतांनी गेलेले निकाल वाचले की माझ्या डोळ्यासमोर ती माणसं येतात जी त्या दिवशी 'काय फरक पडतो' म्हणून गेली नसतील.

युनियन जोरात असली की कारखाने बंद पडतात ना? मुंबईच्या गिरण्या बघा.

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, आमच्यातल्या कितीतरी जणांचे काका-मामा तेव्हा परळ-लालबागला होते आणि हात हलवत गावी आले. पण नीट बघा काय झालं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तेव्हा मुंबईत 1946 चा कायदा लागू होता, त्यानुसार धंद्यात मान्यता एकाच युनियनला आणि करार करायचा हक्क तिलाच. ती मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे. म्हणजे रजिस्टरमधला दर आणि रस्त्यावरची माणसं यांचा मेळच नव्हता आणि तो मेळ घालायला साधं गुप्त मतदान घेण्याची सोय कायद्यात नव्हती. गिरण्यांची यंत्रं जुनी झालेली, माल पॉवरलूमकडे गेलेला, हेही खरं. जास्त युनियन असली की धंदा बुडतो असं असतं तर 65 टक्केवाला स्वीडन कधीच बुडाला असता.

आता नवीन औद्योगिक संबंध संहितेत, जी 2020 ला पास झाली, 51 टक्के कामगार ज्या युनियनकडे ती बोलणी करणारी युनियन, कोणाकडेच तेवढे नसतील तर 20 टक्क्यांवरच्या युनियनची मिळून कौन्सिल. म्हणजे टक्का काढायचं काम आता प्रत्येक कारखान्यात होणार. संहितेत मला न पटणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, संपाच्या नोटिशीची अट आणि 300 कामगारांची मर्यादा (त्याहून कमी कामगार असले तर कारखान्याला माणसं काढायला सरकारची परवानगी लागत नाही) त्यात पहिल्या, पण हा भाग कागदावर तरी बरा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे संघटना स्वातंत्र्याचे 87 आणि 98 नंबरचे करार मात्र भारताने अजून मंजूर केलेले नाहीत, 1948-49 पासून.

वर्गणी किती असते?

जर्मनीत आयजी मेटालची वर्गणी पगाराच्या एक टक्का. आपल्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात 2001 च्या दुरुस्तीने कमीत कमी वर्गणी ठरवली होती ती अशी, ग्रामीण मजुराला वर्षाला एक रुपया, बाकी असंघटित कामगाराला वर्षाला तीन रुपये, इतरांना वर्षाला बारा रुपये. महिन्याला एक रुपया! अर्थात बहुतेक युनियन जास्त घेतात, आम्हीही घेतो, नाहीतर पणजीला सुनावणीला जायचं बसभाडंसुद्धा निघायचं नाही. पण बेकारी भत्ता, सुट्टीतली घरं यांची स्वप्नं बघताना तिकडे वर्गणी किती भरतात तेही बघावं.

आमच्या कंपनीचा दर आम्ही कसा काढायचा?

मी कसा काढला ते सांगतो. आमच्याकडे कायम कामगार 160, त्यातले 140 सभासद. साडेसत्याऐंशी टक्के. मी वर्षानुवर्षं हाच आकडा अभिमानाने सांगायचो, आइसलंडला टक्कर.

मग एकदा दहा तारखेला गाड्याजवळ उभा असताना सहज मोजायला लागलो. आमच्या गळ्यात कार्डाची निळी पट्टी असते, ठेकेदाराच्या पोरांच्या गळ्यात पिवळी. गेटातून आत जाताना निळ्या दिसत होत्या दोन-चार आणि पिवळ्यांची रांगच. एक पोरगा, ओडिशाचा असावा, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हातात पन्नासची नोट, पावतीपुस्तकाकडे बघून विचारतो, 'ये हमारा भी बनता है क्या?' मी त्याला म्हटलं बाद में बताता हूं. ते बाद में बरेच दिवस गेलं आणि पुढच्या सीझनला तो दिसला नाही.

घरी येऊन मी भागाकार परत केला. खाली 160 ऐवजी सगळे धरले, ठेकेदाराचे 340 मिळवून 500. एकशेचाळीस भागिले पाचशे, अठ्ठावीस टक्के.

कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराला सभासद व्हायला काही अडकाठी नाही, अडकाठी होती ती आमच्या मनात आणि आमच्या रजिस्टरच्या कॉलमात. कमिटीत यावर दोन मीटिंगा भांडण झालं, 'त्यांना घेतलं तर मॅनेजमेंट चिडेल', 'ते सहा महिन्यांत जातात', 'त्यांच्या मागण्या वेगळ्या'. तिसऱ्या मीटिंगला ठराव झाला. तेव्हा तुम्ही दर काढाल तर आधी गेटवर उभे राहून पट्ट्या मोजा, मस्टरवरची नावं नंतर, आणि खाली सफाईवाले, कॅन्टीनवाले, सिक्युरिटीवाले पण धरा.

आमच्या रजिस्टरच्या मागच्या पानापासून मी आता दुसरी यादी सुरू केलीय, गावाचा कॉलम जरा रुंद आखलाय कारण नावांपुढे केओंझर, रायचूर, कोप्पळ असं लिहावं लागतं. मागच्या दहा तारखेपर्यंत एकतीस झाले.